नव्या नाकाचे मधले तीन आठवडे

मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

स. न. वि. वि.

प्लास्टिक सर्जरीच्या वॉर्डात मी अनेक वर्षं परिचारिका होते. नाक गमावलेली माणसं तिथे येत. कुणाचं त्वचेच्या कर्करोगात गेलेलं, कुणाचं अपघातात, विदर्भातून आलेल्या कुणाचं अस्वलाच्या हल्ल्यात. त्यांचं नाक कपाळाच्या कातडीतून घडवतात. भुवईच्या आतल्या टोकाची रक्तवाहिनी शाबूत ठेवून कातडी सोडवायची, वळवून नाकावर बसवायची, आधाराला कानाची किंवा बरगडीची कूर्चा घालायची. नव्या जागी कातडीत रक्त खेळू लागेपर्यंत, साधारण तीन आठवडे, कपाळाशी जोडलेला कातडीचा पट्टा, म्हणजे देठ, तसाच ठेवावा लागतो. मग दुसऱ्या शस्त्रक्रियेत तो कापतात.

पुण्याला हे नवं नाही. इंग्रजांच्या फौजेतल्या कावसजी नावाच्या गाडीवानाचं नाक टिपूच्या कैदेत कापलं गेलं होतं. पुण्याजवळच्या एका वीटकाम करणाऱ्याने मेणाचा साचा घेऊन, कपाळाची कातडी वळवून त्याला नवं नाक दिलं. ही हकिकत लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझीन'मध्ये ऑक्टोबर १७९४ ला छापून आली आणि १८१४ साली कार्प्यू या शल्यविशारदाने तिथे तीच रीत वापरली. पुण्याच्या त्या कारागिराचं नाव मात्र त्या हकिकतीत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. त्यानेही देठ सुमारे पंचविसाव्या दिवशी कापला होता.

साहेब, माझं गाऱ्हाणं या मधल्या दिवसांचं आहे. खाट दुसऱ्याला हवी असते, म्हणून रुग्णाला घरी पाठवतात. चेहऱ्यावर कातडीची वळकटी घेऊन तो एसटीत कसा बसेल? गावात त्याचं ड्रेसिंग कोण करेल? एक शेतमजूर बाई मजुरी बुडते म्हणून तारखेला आल्याच नाहीत. कित्येक महिन्यांनी आल्या तेव्हा देठ तसाच होता, आणि तेवढे महिने त्या पदराआड तोंड लपवून घरात बसून होत्या. हे नटण्यामुरडण्याचं काम नाही. नाकाने श्वास घ्यायचा असतो, चारचौघांत जायचं असतं.

ज्या सरकारी रुग्णालयांत ही शस्त्रक्रिया होते, तिथे दुसऱ्या टप्प्यापर्यंत रुग्णाची आणि सोबतच्या एका माणसाची राहण्याजेवणाची सोय करा. दुसरी तारीख पहिल्याच दिवशी पक्की लिहून द्या. सगळे टप्पे मिळून एकच उपचार धरा, म्हणजे कागदपत्रांसाठी पुन्हा खेटे पडणार नाहीत. आणि बुडालेल्या मजुरीची भरपाई द्या. येत्या अर्थसंकल्पात एवढी तरतूद व्हावी, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, पुणे