स्टोरी मोड महिन्याभरात संपावा

मा. संपादक यांस,
स. न.

नव्या व्हिडिओ गेमचे परिचय मराठी वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत आता येऊ लागले आहेत, हे चांगलेच आहे. पण त्यांत ‘या गेममध्ये शंभर तासांचा खेळ आहे’ हे वाक्य कौतुक म्हणून लिहिले जाते आणि त्याच भरवशावर घरोघरी चार-पाच हजारांची खरेदी होते. माझे मत नेमके उलट आहे. मोठ्या खर्चाने बनवलेल्या, कथा सांगणाऱ्या गेमची मुख्य कथा, म्हणजे स्टोरी मोड, बारा ते वीस तासांत संपायला हवी. त्याहून लांब कथेला माझा सरसकट विरोध नाही, पण ती लांबी कशाने भरली आहे हे खरेदीआधी कळले पाहिजे.

मुळात तास कोणते मोजायचे यातच घोळ आहे. खेळाडूंनी स्वतः नोंदवलेले तास एकत्र करणाऱ्या ‘हाउ लाँग टू बीट’ या संकेतस्थळावर प्रत्येक गेमचे वेगवेगळे आकडे असतात : फक्त मुख्य कथा, कथा अधिक साइड मिशन (मुख्य कथेबाहेरची ऐच्छिक कामे), आणि सगळे काही शंभर टक्के पूर्ण करणे. ‘द विचर ३’ (२०१५) घ्या. मुख्य कथेला सुमारे ५० तास, साइड मिशनसह सुमारे १००, आणि नकाशावरची शेवटची खूणही पुसायची तर १७० च्या वर. गेम एकच, पण जाहिरातीत आणि परिचयात बहुधा सर्वांत मोठा आकडा येतो. जानेवारी २०२२ मध्ये ‘डाइंग लाइट २’च्या निर्मात्यांनी गेम पूर्ण करायला ५०० तास लागतील असे अभिमानाने जाहीर केले. त्यावर जगभरच्या खेळाडूंनी नाराजी व्यक्त केल्यावर खुलासा आला की मुख्य कथा सुमारे २० तासांची आहे आणि साइड मिशन धरून ८० तास होतात. आधी २० हा आकडा सांगितला असता तर वाद झालाच नसता.

आता हे तास आपल्याकडच्या आठवड्यात बसवून पाहा. महापे किंवा ऐरोलीच्या आयटी पार्कमधून सुटून घोडबंदर रोडची कोंडी पार करत घरी पोहोचणाऱ्या माणसाला कामाच्या दिवशी कन्सोल लावायला उसंत नसते. बारावीच्या मुलाचे कॉलेज आणि क्लास यांतून तेच होते. शनिवार-रविवारचे दोन-दोन तास धरले तर आठवड्याला चार तास मिळतात. पंधरा तासांची कथा चार आठवड्यांत संपते. पन्नास तासांच्या कथेला तीन महिने लागतात आणि शंभर तासांच्या कथेला सहा. या सहा महिन्यांत गणपती येतात, सहामाही परीक्षा येते, घरात लग्नकार्य निघते आणि दोन-तीन आठवड्यांचा खंड हमखास पडतो.

गेम हातातून सुटतो तो या खंडात. ढाल उचलायला बटण दाबून धरायचे की दोनदा दाबायचे, हे हात विसरतात आणि गेममधले शिकवणीचे मिशन पुन्हा येत नाही. मिशनच्या यादीत ‘अमक्या गावी जा’ एवढेच लिहिलेले असते. कोणी पाठवले आणि का, हे आठवत नाही. शिवाय तिसाव्या तासाला येणारा बॉस, म्हणजे टप्प्याच्या शेवटचा बलाढ्य शत्रू, तीस तासांचा सराव गृहीत धरूनच बनवलेला असतो. मग माणूस एकतर पहिल्यापासून सुरू करतो, नाहीतर सोडून देतो. याचा पुरावा कोणालाही घरबसल्या पाहता येतो. स्टीम या संगणकावरचे गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात त्या गेमच्या पानावर जाऊन जगभरातल्या खेळाडूंच्या अचीव्हमेंटची, म्हणजे ठरावीक टप्पा गाठल्यावर मिळणाऱ्या बिल्ल्यांची, टक्केवारी उघडा. पहिल्या प्रकरणाच्या अचीव्हमेंटचा आकडा आणि शेवटच्या प्रकरणाचा आकडा शेजारी शेजारी ठेवा. लांबलचक गेममध्ये दुसरा आकडा बहुतेक वेळा निम्म्याच्याही खाली असतो. याचा अर्थ विकत घेणाऱ्यांपैकी निम्म्यांहून अधिकांनी कथेचा शेवट पाहिलेलाच नसतो.

लांबी वाढते कशी, ते नीट समजून घ्यायला हवे, कारण लिहिलेली कथा आणि ताणलेली कथा यांत फार मोठा फरक आहे. सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे शत्रूची ताकद वाढवणे. पाच फटक्यांत पडणारा शत्रू पंधरा फटक्यांनी पडू लागला की एक मिनिटाची लढत तीन मिनिटांची होते. कथेत अशा २०० लढती असतील तर ४०० मिनिटे, म्हणजे सहा तास चाळीस मिनिटे वाढली. त्यासाठी लेखकाला एक ओळही लिहावी लागली नाही. दुसरा उपाय चालण्याचा. फास्ट ट्रॅव्हल (नकाशावरून थेट दुसऱ्या जागी पोहोचण्याची सोय) उशिरा द्यायचे, मिशन देणारा नकाशाच्या एका टोकाला आणि काम दुसऱ्या टोकाला ठेवायचे. प्रत्येक मिशनला बारा मिनिटांची घोडदौड आणि अशी चाळीस मिशने, म्हणजे आठ तास नुसत्या प्रवासाचे. (घोडदौडीत दोन पात्रे बोलत असतील आणि कथा पुढे सरकत असेल तर तक्रार नाही. ‘रेड डेड रिडेम्प्शन २’मध्ये पुष्कळदा तसे होते.)

तिसरा प्रकार सर्वांत वाईट : लेव्हलची, म्हणजे आपल्या पात्राने गाठलेल्या पायरीची, अट. पुढचे मिशन तुमच्या लेव्हलहून चार-पाच पायऱ्या वरचे ठेवायचे, म्हणजे मधे तीच ती साइड कामे करत अनुभवाचे गुण साठवण्यावाचून गत्यंतर नसते. २०१८ च्या ‘असॅसिन्स क्रीड ऑडिसी’वर याच कारणाने टीका झाली, कारण गुण कायमचे जलद मिळवून देणारा बूस्टर त्याच गेमच्या दुकानात खऱ्या पैशांत विकायला होता. वाट लांब करून ठेवायची आणि जवळची वाट विकायची, हा व्यवहार मला मान्य नाही.

ताणलेला भाग ओळखायची साधी रीत आहे. एखादे तासाभराचे मिशन संपल्यावर आठवून पाहावे की या तासात हाताला काही नवे करायला मिळाले का, की एखाद्या पात्राबद्दलचे आपले मत बदलले. दोन्हींचे उत्तर नाही असेल तर ते मिशन कथेतून काढून टाकले असते तरी चालले असते. ‘पोर्टल’ (२००७) या कसोटीला पूर्ण उतरतो. सुमारे तीन तासांचा गेम, १९ चाचणी-खोल्या, आणि जवळजवळ प्रत्येक खोली आधीच्या युक्तीत एकच भर घालते : आधी भिंतीत उघडायचा दरवाजा, मग वेग, मग दोन्ही एकत्र. युक्त्या संपल्या तिथे गेमही संपतो.

याउलट लहान असणे हाही आपोआप गुण नव्हे. २०१५ मधला ‘द ऑर्डर : १८८६’ पूर्ण किमतीला विकला गेला, कथा साधारण सहा-सात तासांची निघाली आणि त्यावर टीका झाली ती लांबीची. माझ्या मते खरे दुखणे वेगळे होते. त्या सहा-सात तासांतही खेळण्याची तऱ्हा फारशी बदलत नव्हती आणि बराच वेळ पडद्यावर दिसेल ते बटण दाबण्यात जात होता. पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ने २०२० मध्ये आणलेला ‘राजी’ पाच-सहा तासांचा आहे. छोट्या चमूने बनवलेल्या गेमला ती लांबी शोभते. भित्तिचित्रांची आणि पुराणकथांची मांडणी त्यात कुठे ताणलेली वाटत नाही. शेवट मात्र घाईने आला, तिथे आणखी अर्धा तास हवा होता.

आणि लांबी पूर्ण फेडणारे गेमही आहेत. ‘बाल्डर्स गेट ३’ (२०२३) तीन अंकांचा आहे, मुख्य कथेलाच साठहून अधिक तास लागतात. तरी तो लांब वाटत नाही, कारण पहिल्या अंकात कोणाला वाचवले, कोणाला मारले, याचे पडसाद तिसऱ्या अंकात उमटतात. निर्णय खेळाडूचे असतील तर वेळही खेळाडूचा असतो. कथा एकाच रुळावरून जाणार असेल तर लेखकाने दुसऱ्याच्या वेळेचा हिशेब ठेवायला हवा. मराठी रंगभूमीने तो कधीच ठेवला. रात्रभर चालणाऱ्या पाच अंकी संगीत नाटकांची जागा दोन अंकी, अडीच तासांच्या नाटकाने घेतली. आज गडकरी रंगायतनातून किंवा वाशीच्या भावे नाट्यगृहातून बाहेर पडणारा प्रेक्षक ‘पैशांच्या मानाने कमी तास मिळाले’ असे म्हणत नाही.

गेमच्या बाबतीत मात्र तो हिशेब सर्रास मांडला जातो : पाच हजार रुपये भागिले शंभर तास, म्हणजे तासाला पन्नास, आणि पंधरा तासांचा गेम तासाला ३३३ रुपये, म्हणून महाग. पण शंभरपैकी तीस तास खेळून सोडलेला गेम तासाला १६७ रुपयांना पडला आणि वर शेवट हाती लागला नाही तो नाहीच. या हिशेबाचा दबाव निर्मात्यांवरही येतो. ‘द लास्ट ऑफ अस पार्ट २’ या सुमारे २५ तासांच्या गेमला सुमारे २२ कोटी डॉलर खर्च आल्याचे २०२३ मध्ये अमेरिकेतल्या एका खटल्याच्या कागदपत्रांतून उघड झाले. सोनीच्या प्लेस्टेशन स्टुडिओंचे माजी प्रमुख शॉन लेडन यांनी २०२० मध्येच १२ ते १५ तासांच्या गेमकडे परतण्याचे समर्थन केले होते. ‘असॅसिन्स क्रीड’ने ते करून दाखवले : २०२० च्या ‘वॅल्हाला’ची मुख्य कथा सुमारे ६० तासांची, तर २०२३ च्या ‘मिराज’ची सुमारे १५ तासांची, आणि किंमतही कमी ठेवलेली. हा मार्ग मला सर्वांत प्रामाणिक वाटतो.

जुन्या कॅसेटवाल्या काळात लांबी अवघडपणातून यायची. ‘कॉन्ट्रा’त आठ लेव्हल आणि तीन जीव, हात बसलेला खेळाडू तो अर्ध्या-पाऊण तासात संपवायचा, पण हात बसायलाच सुट्टी सरायची. तेव्हा ते चालून गेले, कारण गोष्ट नावापुरती होती.

खरेदी करणाऱ्यांनी एक गोष्ट जरूर लक्षात ठेवावी. स्टीमवर गेम परत करायचा तर खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि खेळण्याचा वेळ दोन तासांहून कमी असावा लागतो. गेम थांबवून जेवायला बसलात तरी तो वेळ मोजला जातो, म्हणून उठताना गेम पूर्ण बंद करावा. लांब गेमचे पहिले दोन तास बहुधा शिकवणीतच जातात. ‘रेड डेड रिडेम्प्शन २’चे बर्फातले पहिले प्रकरणच जवळपास तेवढे घेते, आणि खरा गेम दिसेपर्यंत परतीची मुदत उलटते. उलट दोन तासांच्या आत संपणारा गेम लोक पूर्ण खेळून परत करतात. २०२१ मध्ये ‘समर ऑफ ’५८’च्या निर्मात्याने याच कारणाने गेमनिर्मिती थांबवत असल्याचे जाहीर केले होते.

मराठी वाचकासाठी आणखी एक बाब महत्त्वाची, जी इंग्रजी परिचयांत कधीच येणार नाही. वर दिलेले तास प्रामुख्याने इंग्रजी सराईतपणे वाचणाऱ्यांचे आहेत. मोठ्या गेमना मराठी सबटायटल नसतात. मराठी माध्यमात शिकलेल्या मुलाला संवाद वाचून समजून पुढे जायला जास्त वेळ लागतो. मारामारीच्या गेममध्ये त्याने फारसे बिघडत नाही, पण संवादांवर चालणाऱ्या गेमचे तास सव्वापट ते दीडपट धरावेत. ‘डिस्को इलिझियम’मध्ये सुमारे दहा लाख शब्द आहेत, तिथे हा फरक फार मोठा होतो. काही गेममध्ये बटण दाबेपर्यंत संवाद थांबतो, काहींत तो आपोआप पुढे सरकतो आणि अर्धी ओळ वाचायची राहते. सबटायटलचा आकार मोठा करण्याची सोय सेटिंग्जमध्ये असेल तर ती आधी वापरावी. लढाईत वेळ घालवायचा नसेल तर सर्वांत सोपी पातळी निवडण्यात कमीपणा नाही. ‘द विचर ३’ने त्या पातळीला ‘जस्ट द स्टोरी’ असेच नाव दिले आहे.

एका बैठकीची लांबीही एकूण तासांइतकीच महत्त्वाची आहे. प्रकरण ४० ते ६० मिनिटांचे असावे आणि दर दहा-पंधरा मिनिटांनी चेकपॉइंट, म्हणजे गेम आपोआप सेव्ह होण्याची जागा, असावी. पावसाळ्यात वीज गेली की इन्व्हर्टर नसलेल्या घरात शेवटच्या सेव्हनंतरचे सगळे जाते. कन्सोल रेस्ट मोडवर, म्हणजे बंद न करता झोपवून, ठेवला असला तरी वीज गेल्यावर न सेव्ह केलेला भाग उरत नाही. सेव्हची खूण फिरत असतानाच वीज गेली तर फाइल बिघडू शकते, म्हणून जिथे सोय आहे तिथे दोन वेगळ्या स्लॉटमध्ये सेव्ह करावे. तासावर पैसे घेणाऱ्या गेमिंग कॅफेत स्टोरी मोड खेळणाऱ्यांनी आपल्याच खात्यावर, क्लाउड सेव्ह (सेव्ह फाइल इंटरनेटवर जपण्याची सोय) असलेलाच गेम खेळावा. अनेक कॅफेंतले संगणक पुन्हा सुरू करताच मूळ स्थितीला येतात.

म्हणून आपल्या पुरवणीला विनंती आहे की गेमच्या परिचयाच्या चौकटीत किंमत आणि वयोगटाच्या खाली मुख्य कथेचे, साइड मिशनसहचे आणि संपूर्ण गेमचे असे तीन वेगळे तास छापावेत. त्याखाली एका प्रकरणाला लागणारा वेळ, कुठेही सेव्ह करता येते की फक्त चेकपॉइंटला, आणि संवाद आपोआप पुढे जातात की थांबतात, एवढे द्यावे. याला तीस-चाळीस शब्दांची जागा पुरते. दिवाळीच्या खरेदीआधीच्या अंकापासून सुरुवात झाली तर उत्तम.

आपला,
एक वाचक, ऐरोली, नवी मुंबई