गोळ्या माझ्या पिशवीत आहेत

ती. आई-बाबांना सा. न.

बाबा, गुडघ्याच्या गोळ्या कपाटात शोधू नका. मी येताना घेऊन आलेय. विचारलं असतं तर तुम्ही दिल्या नसत्या. शुक्रवारी सकाळी दुर्बिणीने पोट तपासायची वेळही घेतली आहे. रागवा, पण आधी हे सगळं वाचा.

'दुधाबरोबर घेतो, पोटाला काय होतंय?' हे तुमचं नेहमीचं. परवापर्यंत मलाही ते पटत होतं. जठरातलं आम्ल मटण पचवतं, तरी जठर स्वतः पचत नाही, कारण त्याला आतून बुळबुळीत थर असतो आणि त्यात खायच्या सोड्यासारखा क्षार मुरलेला असतो. आम्ल भिंतीपर्यंत पोचेतो त्याचा जोर जातो. खालच्या पेशीही ३ ते ५ दिवसांत नव्या येतात. आई, आजी माजघर सारवायची ना, अगदी तसं. हे सारवण चालू ठेवतात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं. गुडघ्यातली सूज आणि ठणकाही तीच वाढवतात. गोळी त्यांना दोन्हीकडे अडवते, आणि रक्तातून जाऊन अडवते. मग कपभर दूध कुठवर पुरणार, बाबा? वर तुम्ही ती दिवसातून दोनदा घेत होतात, वर्षभर.

नानांच्या वेळी आपण सगळेच 'पित्त असेल' म्हणत राहिलो. मला पुन्हा तसं म्हणायचं नाही.

गुडघ्यांना वाऱ्यावर सोडलेलं नाही. डॉक्टरांनी पॅरासिटामॉल चालेल म्हटलंय, ती आणि शेकायची पिशवी उद्या दादा आणून देईल. आई, तिळाचं तेल कोमट करून लाव. हृदयाची छोटी गोळी मात्र मनाने बंद करायची नाही, तिचं डॉक्टरच ठरवतील. गुरुवारी रात्री लवकर मऊ भात, नंतर काही नाही, सकाळचा चहासुद्धा नाही. शौचाला डांबरासारखं काळं झालं किंवा उलटीत रक्त दिसलं तर शुक्रवारची वाट बघायची नाही, मला फोनही नंतर, आधी दवाखाना.

तपासणीला फार वेळ लागत नाही. घशात बधिर करणारा फवारा मारतात. अल्सर करणारा जंतू आहे का, तेही त्यातच कळेल, आणि असला तरी औषधाने जातो.

माझ्या टायफॉइडमध्ये तुम्ही पेज फुंकून फुंकून भरवायचात, आणि मी तोंड फिरवलं की चमचा धरून तसेच बसून राहायचात. शुक्रवारी मी तशीच शेजारी बसणार आहे. गुरुवारी रात्रीच्या गाडीने येते. दाराला आतून कडी लावू नका.

तुमची,
बेबी