झाडलेली जागा पुन्हा झाडणाऱ्या दादांना

दादा,

तुमचं नाव विचारायचं राहून गेलं, म्हणून नुसतं दादा. तुमच्याकडे बंगालमध्येही मोठ्या भावाला दादाच म्हणतात, तेव्हा चालेल.

पत्र मराठीत आहे आणि तुमच्यापर्यंत पोचेल की नाही ठाऊक नाही. पण आम्ही घरी परतून तीन आठवडे झाले, तरी आईच्या काठीचा आवाज आला की माझ्या कानात तुमचा खराटा सुरू होतो. लिहिल्याशिवाय आता राहवत नाही.

आठवतंय का बघा. संक्रांतीच्या चार दिवस आधीची सकाळ. कोलकात्याजवळच्या शिबपूरच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये, तिथल्या मोठ्या वडाजवळ, धुकं अजून विरलं नव्हतं, हुगळीवरून गार वारा येत होता. चॉकलेटी शाल, डोक्याला घट्ट स्कार्फ आणि हातात काठी, ती माझी आई. वय ७८. सोबत मी, माझे मिस्टर आणि बारा वर्षांचा मुलगा.

आम्ही गंगासागर-कोलकाता सहलीला आलो होतो. बुकिंगच्या वेळी सांगितलं होतं, "आजींची काळजी आमच्यावर सोडा, व्हीलचेअर असते." तिचे वेगळे पैसेही भरून घेतले. ती व्हीलचेअर रोज "उद्या येते" म्हणत शेवटपर्यंत आलीच नाही. त्या दिवशी बस गेटवर लागली तेव्हा मॅनेजर सगळ्यांदेखत म्हणाला, "आजींना बसमध्येच बसू द्या. झाडच तर आहे, फोटोत दिसेल." पुढच्या सीटवरच्या दोघी-तिघींनी माना डोलावल्या. आईने शाल सारखी केली आणि म्हणाली, "जा तुम्ही, मी बसते." तिचा तो आवाज मला अजून झोपू देत नाही.

झाडच तर आहे! दादा, माझ्या आईने सातारा जिल्ह्यातल्या शाळांमध्ये ३१ वर्षं शिकवलं. तुमचा हा वड ती दरवर्षी खडूने फळ्यावर काढायची. १८६४ आणि १८६७ ची वादळं, त्यानंतर खोडाला लागलेली बुरशी, आणि १९२५ साली कापून काढलेलं मधलं खोड, हे सगळं तिला तोंडपाठ. पोरं विचारायची, "बाई, खोडच नाही, मग झाड पडत कसं नाही?" मग ती एकाला मध्ये हात पसरून उभा करायची, बाकीच्यांना त्याच्याभोवती हात धरून पारंब्या व्हायला सांगायची, आणि मधल्याला अलगद बाहेर काढायची. साखळी तशीच उभी. मीही तिच्याच वर्गात होते, मीही पारंबी झाले आहे. असं झाड तिने आयुष्यात एकदाही पाहिलं नव्हतं. आणि ते इतक्या जवळ आलं असताना तिने बसमध्ये बसायचं?

तिला आतवर कसं आणलं ते सोडा. आणलं. वडासमोर आली आणि किती तरी वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, "मला पूर्ण फेरी मारायची आहे."

झाडाभोवतीचा तो रस्ता ३३० मीटरचा. वड वाढत वाढत त्याच्याही पलीकडे गेलाय. धडधाकट माणसाला ती फेरी पाच मिनिटांची. पण दवाने ओली झालेली पानं डांबरावर चिकटून बसली होती आणि दुसऱ्याच पावलाला काठीचं रबर सटकलं. मी तिला धरलं. तुम्ही कुंपणाकडेला झाडत होतात. काही न बोलता आलात आणि आईच्या पुढे तीन हातांवर झाडायला लागलात.

खरर्, खरर्. दोन पावलांची वाट मोकळी झाली की आईची दोन पावलं. पुन्हा खरर्. असं सबंध फेरीभर.

हे मदत म्हणून कोणीही केलं असतं, असं एखादा म्हणेल. पण मला जे सांगायचंय ते पुढचं आहे. आई दर दहा-बारा पावलांनी दम खायला थांबायची. ती थांबली की तुम्ही थांबायचा नाहीत. झाडून लख्ख झालेली तीच जागा पुन्हा पुन्हा झाडत राहायचात, जणू तिथे अजून कचरा राहिलाय. एकदाही मागे वळून पाहिलं नाहीत. आपल्यासाठी कोणी खोळंबलंय असं आईला क्षणभरही वाटू नये, एवढ्यासाठी. हे माझ्या लक्षात यायला अर्धी फेरी लागली, आणि आलं तेव्हा मला तोंड फिरवून डोळे पुसावे लागले.

गुडघे गेल्यापासून आई घराबाहेर पडली की सगळ्यांना आधी "सॉरी" म्हणते. लिफ्टमध्ये, बँकेत, लग्नाच्या पंगतीत. त्या फेरीत तिने एकदाही म्हटलं नाही.

मध्ये एकदा तुम्ही खराट्याचा दांडा उचलून झाडीच्या आत दाखवलात, "ओखाने छिलो." मूळ खोड तिथे होतं. आईने चष्मा पुसून पाहिलं आणि मान हलवली, वर्गात कोणी बरोबर उत्तर दिलं की हलवायची तशी. बाकी तुम्ही एवढंच बोललात, "आस्ते माशीमा, आस्ते." आमच्याकडे माशी म्हणजे वेगळंच काही, पण आईला बरोबर 'मावशी' ऐकू आलं.

फेरीला पाऊण तास लागला. मॅनेजरचे तीन फोन आले, मी उचलले नाहीत. ज्यांना पैसे मोजले होते त्यांना आमची आई ओझं वाटली. ज्यांचं आम्ही काही देणं लागत नव्हतो, त्यांना ती माशीमा वाटली. माझ्या मुलाने हे दोन्ही एकाच सकाळी पाहिलं. परतताना बसच्या पायऱ्यांवर तो आजीच्या पुढे चढला आणि पायरीवरचा संत्र्याच्या सालींचा कचरा पायाने बाजूला सारत गेला. त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

मिस्टरांनी पैसे पुढे केले तेव्हा तुम्ही दोन पावलं मागे सरलात. पण आईने पिशवीतून तिळाच्या वड्यांचा डबा काढला तेव्हा दोन्ही हात पुढे केलेत. "तिळगूळ घ्या, गोड..." एवढं म्हणून आई थांबली, तुम्हाला काय सांगायचं गोड बोलायला! एक वडी तुम्ही तिथेच खाल्लीत, दुसरी गमछ्याच्या टोकाला गाठ मारून ठेवलीत. ती कोणासाठी होती, हा विचार आई अजून करते. डबाच द्यायला हवा होता, असं रोज एकदा म्हणते.

म्हणून ज्यांच्या वाचनात हे येईल त्यांना विनंती. शिबपूरला गेलात तर मोठ्या वडाच्या रस्त्यावर सकाळी लाल चौकटीचा गमछा गळ्यात घातलेले एक गृहस्थ झाडत असतील. त्यांना सांगा, माशीमा बऱ्या आहेत. रोज संध्याकाळी गच्चीवर दोन फेऱ्या मारतात. नातू पुढे असतो.