मंजीच्या लेकीबद्दल, सुमीला

प्रिय सुमे,

परवा रात्री साडेअकराला मंजीचा फोन आला. हो, आपल्या मंजीचा. सहा वर्षं बोलली नाही, आणि 'कशी आहेस'ही न विचारता थेट म्हणाली, "अगं, चिमी खोलीतून बाहेरच येत नाही." त्यानंतर भांडण कुठलं नि काय कुठलं! तुझ्या तीन मेसेजना मी उत्तर दिलेलं नाही, त्याचा राग नंतर काढ. माझी तब्येत ठीक, गोळ्या चालू.

फोन न करता पत्र लिहितेय, कारण फोनवर तू मला तिसऱ्या वाक्याला तोडतेस. शनिवारी तू आठ दिवस तिच्याकडे राहायला जाणार आहेस, हे तिनेच सांगितलं. हे पत्र तिला वाचून दाखवू नकोस. तू वाच, आणि तुझ्या तोंडाने तिला सांग. मी काहीही सांगितलं की तिला शिकवणी वाटते. आमचं बिनसलं तेही त्यावरूनच, तुला ठाऊक आहे.

मंजीला घाई आहे, पण भलत्याच गोष्टीची. चिमी सोमवारी शाळेत जायला हवी, बुडालेला अभ्यास भरून निघायला हवा, याची घाई. औषधांचा डबा मात्र उघड्या फळीवर, तो 'बघू सावकाश'. हे उलटं करायचं आहे, आणि ते तुझ्याशिवाय कोणाला जमणार नाही.

मी तिला पहिलं हेच विचारलं की मरावंसं वाटतं का, असं चिमीला कोणी विचारलंय का? पलीकडे एकदम शांत. मग सगळेच आईबाप म्हणतात तेच ती म्हणाली, "विचारलं तर नको ते डोक्यात यायचं." नाही येत गं. या प्रश्नावर पुष्कळ अभ्यास झाले आहेत. विचारल्याने धोका वाढल्याचं दिसलेलं नाही, उलट बऱ्याच मुलांना सुटल्यासारखं होतं. मात्र विचारायची एक रीत आहे. 'तू काही वेडंवाकडं करणार नाहीस ना?' असं विचारलं की त्यातच 'नाही म्हण गं' अशी विनवणी असते, आणि मूल आईचा जीव राखायला नाही म्हणून मोकळं होतं. साधं विचारायचं: "इतका त्रास होतोय तर मरून जावं असं कधी मनात येतं का?" हो म्हणाली तर पुढे तीनच गोष्टी. किती वेळा येतं, कसं करायचं याचा विचार केलाय का, आणि त्यासाठी काही जमवून ठेवलंय का. आवाज नेहमीचाच ठेवायचा. रडू आलं तर येऊ दे, पण त्या खोलीत चिमीला आईची समजूत काढायला लागता कामा नये.

मंजीने काल सकाळी विचारलं, धीर करून विचारलं. चिमी म्हणाली, कधी कधी वाटतं सकाळी जागच येऊ नये. पण कसं, कधी, असं काही मनात नाही. मंगळवारी मानसोपचारतज्ज्ञांची वेळ मिळाली आहे. तू तिथे असताना यात फरक पडला, म्हणजे तिने एखादा मार्ग बोलून दाखवला, साठवलेल्या गोळ्या सापडल्या, आवडत्या वस्तू वाटून टाकायला लागली, मैत्रिणींना निरोपासारखे मेसेज गेले, तर मंगळवारची वाट बघायची नाही. त्याच दिवशी हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात न्यायचं, आणि तोवर एक मोठं माणूस सतत तिच्याजवळ. 'कोणाला सांगू नकोस' म्हणाली तर शब्द देऊ नकोस. सरळ सांग, "ज्यांची मदत लागेल तेवढ्यांनाच सांगीन, आणि आधी तुला सांगून."

आता कुलूप. टोकाचा विचार अनेकदा अचानक उसळतो आणि ओसरतोही. मधे अडथळा असला की ओसरायला वेळ मिळतो. घरातली सगळी औषधं, आजीच्या झोपेच्या, हृदयाच्या, मधुमेहाच्या गोळ्या धरून, एका कुलपाच्या डब्यात. किल्ली मंजीच्या अंगावर, 'नेहमीच्या जागी' नाही. कीटकनाशकं, ॲसिड, ब्लेड तसंच. साध्या तापाच्या पॅरासिटामॉलला कोणी विष समजत नाही, म्हणून तीच बाहेर राहते. ती जास्त घेतली तर यकृत निकामी होऊ शकतं, आणि तरीही पहिल्या दिवशी माणूस ठणठणीत दिसू शकतं. तिच्यावरचा उतारा पहिल्या आठ तासांत दिला तर सर्वांत चांगला लागू पडतो. म्हणून नुसता संशय आला तरी, मूल हसतखेळत असलं तरी, तडक हॉस्पिटल.

भाऊजींचं म्हणणं आहे, उदास कुठे आहे, नुसती वसवस करते. नाटकं आहेत. त्यांना शांतपणे सांग की या वयात नैराश्य रडव्या चेहऱ्याने यावं असं काही नाही. मोठ्या माणसात निदान करताना उदासी बघतात, मुलांत चिडचिडही तितकीच धरतात. दोन आठवडे, जवळजवळ रोज, दिवसाचा बराचसा वेळ हे चाललेलं असेल, आणि त्याबरोबर झोप, भूक, लक्ष, मैत्रिणी, आवडीच्या गोष्टी यांत बदल झाला असेल, तर तो स्वभाव नव्हे. चिमीने चित्रं काढणं सोडलंय. त्या पोरीने, सुमे! तुझ्या भिंतीवर काढलेला हत्ती आठव. 'आमच्या वेळी असलं काही नव्हतं' असं ते म्हणतील. होतं. आयुष्यातल्या मानसिक आजारांपैकी साधारण निम्मे वयाच्या १४ व्या वर्षापर्यंत सुरू झालेले असतात. त्या वेळी त्यांना नाव नव्हतं एवढंच. मात्र त्यांच्याशी वाद घालू नकोस. तू वादात जिंकतेस आणि माणूस हरवून बसतेस, हे मी सोसलंय.

मंजी म्हणाली, चिमी बाहीत अंगठा अडकवून बसते, तळहातापर्यंत बाही ओढून, उकडत असलं तरी. ते मला सारखं दिसतंय. कदाचित नुसती सवय असेल. पण हातावर ओरखडे किंवा काप दिसले तर आरडाओरडा नको, 'दाखव हात' अशी रोजची झडतीही नको. जखम पाण्याने धुवायची, कापड लावायचं, आणि 'खूप सहन होत नसेल तेव्हा असं होतं ना?' एवढंच विचारायचं. पुष्कळ मुलं मरण्यासाठी नव्हे, आतला ताण क्षणभर उतरावा म्हणून स्वतःला इजा करतात. तरीही पुढचा धोका त्याने वाढतो, म्हणून डॉक्टरांना हे सांगायचंच.

बोलण्याबद्दल तुला काय सांगायचं, तुझ्याशी भिंतसुद्धा बोलेल. मंजीला मात्र शिकव. समोरासमोर बसवून 'बोल, काय झालंय' म्हटलं की मूल मिटतं. शेजारी शेजारी काम करताना, भांडी पुसताना, चालताना, गाडीत, नजर एकमेकींवर नसताना बोलणं निघतं. निघालं की मंजीने करायचं ते एकच, तोडगा द्यायचा नाही. चिमी म्हणाली "मला कोणीच नकोय", तर "असं कसं, एवढ्या मैत्रिणी आहेत तुला" हे तोंडावर येतं; ते गिळायचं. "एकटं एकटं वाटतंय" एवढं म्हणून मनात दहा अंक मोजायचे. ती दहा सेकंदं मंजीला फार जड जातील, पण बहुतेक वेळा खरं वाक्य त्यांच्यानंतरच येतं. वाईट बोलली म्हणून तिथल्या तिथे सुधारायला जाऊ नये. आणि बोलून झाल्यावर आत्याला, मामीला फोन करून सांगायचं नाही! एकदा ते कानावर आलं की चिमी पुढचं काही सांगायची नाही.

झोपेचं मी मुद्दाम सविस्तर लिहितेय, कारण डॉक्टरांच्या आधी घरात हात घालता येईल अशी ही पहिली गोष्ट. वयात येताना शरीराचं घड्याळ एक-दोन तास पुढे सरकतं, झोपेची वेळ झाल्याचं शरीराला सांगणारं मेलाटोनिन रात्री उशिरा वाढतं. म्हणून अकरापर्यंत झोप न येणं हा आळस नाही. या वयाला ८ ते १० तास लागतात, आणि शाळा सकाळची. तिला 'लवकर झोप' म्हणून उपयोग नाही. झोप हुकमाने येत नसते. उठायची वेळ धरायची, सुट्टीच्या दिवशीही तासाभराच्याच फरकाने. उठल्यावर अर्धा तास उजेडात, शक्य तर बाहेर. दुपारनंतर कॉफी आणि एनर्जी ड्रिंक बंद, कारण कॅफिनचा निम्मा अंश पाच-सहा तासांनीही अंगात असतो. दिवसा झोपलीच तर वीस-तीस मिनिटं. हे बसायला दोन-तीन आठवडे जातात, आणि पहिले चार दिवस घरात युद्ध होईल. मंजी नेमकी तिथेच सोडून देते.

मोबाइल काढून घेतलाय का, ते बघ. घेतला असेल तर परत द्यायला लाव. घरात कोंडलेल्या पोरीच्या मैत्रिणी त्याच्यातच आहेत. फक्त रात्री तो खोलीबाहेर चार्जिंगला, आणि भाऊजींचाही त्याच फळीवर.

शाळेचं जरा किचकट आहे. भीती वाटली, घरी थांबली, लगेच हायसं वाटलं: या हायसं वाटण्यानेच भीती वाढते. दर दिवशी घरी थांबलं की उद्याची पायरी उंच होते. म्हणून 'बरं वाटलं की जा' हेही चूक आणि ओढत नेणंही चूक. चिमीला बरोबर घेऊन पायऱ्या लिहा. प्रत्येकीपुढे भीतीला दहापैकी गुण तिनेच द्यायचे. कपडे करून दप्तर भरणं, ३. फाटकापर्यंत जाऊन परत येणं, ४. ग्रंथालयात एक तास, ५. आवडत्या विषयाचा एक तास, ६. अर्धा दिवस, ८. एक पायरी पुन्हा पुन्हा, भीती निम्म्यावर येईपर्यंत, मगच पुढची. मागे घसरली तर एक पायरी खाली यायचं, पहिल्यापासून नाही. शाळेतल्या एका शिक्षिकेला माहिती द्यायची, जिच्याकडे चिमी काही न बोलता जाऊन बसू शकेल. त्याआधी एक खात्री मात्र करून घ्या: तिथे कोणी छळत तर नाही ना? तसं असेल तर आधी ते थांबवायचं. छळाच्या तोंडी पायऱ्यांनी पाठवायचं नसतं.

मंगळवारसाठी आजपासून वहीचं एक पान: कधी झोपली, कधी उठली, किती खाल्लं, खोलीबाहेर किती वेळ, आणि मनःस्थितीला तिने स्वतः दिलेले गुण. घरात कोणाला नैराश्य, आत्महत्या किंवा अति उत्साहाचे झटके असा इतिहास असेल तर लपवू नये. औषध त्यावरून बदलतं. मंजीच्या काकांचं सांगायलाच लाव. हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासायला सांगतील, ते करावं. डॉक्टर चिमीशी एकटीशी बोलतील तेव्हा मंजीने दाराशी घुटमळू नये.

गोळी दिली तर (या वयात बहुधा फ्लुओक्सेटिन, नैराश्यावरचं औषध) मंजी माहितीपत्रक वाचून हबकणार. तिला आधीच सांग. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ मध्ये असा इशारा छापायला लावला की या गटातल्या औषधांनी मुलांत आत्महत्येचे विचार वाढू शकतात. त्यांनी तपासलेल्या प्रयोगांत औषध घेणाऱ्यांत असे विचार वा कृती सुमारे ४ टक्के, नुसती साखरेची गोळी घेणाऱ्यांत २ टक्के. मृत्यू एकही नव्हता. याचा अर्थ, पहिले काही आठवडे आणि डोस बदलल्यावर नजर जास्त ठेवायची: बेचैनी, झोप उडणं, एकदम भडकणं दिसलं की फोन करायचा. गुण यायला ४ ते ६ आठवडे जातात. बरं वाटल्यावरही साधारण सहा महिने तरी चालू ठेवतात, आणि आपल्या मनाने एकदम बंद करायची नाही. समुपदेशनाचंही तसंच, दोनदा जाऊन 'काही फरक नाही' म्हणू नये. बारा-सोळा बैठकांचं काम आहे ते. पण समुपदेशक चिमीला आवडलाच नाही तर बदलावा, तिला पटलेलं माणूस हवं.

मंजीला रोज अर्धा तास घराबाहेर काढ. भांडून काढ. ती परवा म्हणाली, "मी कुठे चुकले?" आणि मला काही बोलता आलं नाही. तू तिच्याजवळ बसशील तेव्हा काहीतरी सुचेल तुला.

तुझ्या बदलीचं काय झालं? आईंच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं का? घाईत लिहितेय, रागावू नकोस, सगळं विचारीन. सोमवारी रात्री वहीच्या पानाचा फोटो पाठव.

तुझी,
नली

ता. क. मंजीची पर्स! डोकेदुखीच्या गोळ्यांची पाकिटं तिच्या पर्समध्ये कायम असतात आणि पर्स दाराच्या खुंटीवर. डब्याला कुलूप लावशील तेव्हा आधी ती रिकामी कर.