असेंबल केलेल्या ‘मॅक’च्या बिलावर खरे काय ते लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुळशीचे लग्न लागले की आमच्याकडे मुहूर्त सुरू होतात, आणि त्याआधीच्या महिन्या-दोन महिन्यांत दारव्हा, दिग्रस, पुसद, कारंजा या पट्ट्यातील फोटो-व्हिडिओ स्टुडिओवाले नवा संगणक घेण्याच्या खटपटीला लागतात. गेल्या काही हंगामांपासून त्यांच्या गळ्यात ‘निम्म्या किमतीत मॅक’, म्हणजे अ‍ॅपलचा संगणक, म्हणून एक वस्तू मारली जात आहे. कॅबिनेट साधे, आत इंटेलचा प्रोसेसर आणि कुठल्याही दुकानात मिळणारा मदरबोर्ड, पण पडद्यावर संगणक चालवणारी प्रणाली मात्र अ‍ॅपलची मॅकओएस. या जुळणीला जाणकार हॅकिंटॉश म्हणतात. पैसे मोजणाऱ्याला बहुधा हा शब्दही सांगितलेला नसतो. मी तालुक्याच्या गावी संगणक दुरुस्तीचे काम करतो आणि ही यंत्रे बिघडली की विकणाऱ्याकडे न जाता आमच्यासारख्यांच्या टेबलावर येतात, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो. हॅकिंटॉश बनवणे ही विद्या आहे आणि तिच्याबद्दल मला आदरच आहे. अ‍ॅपलने २००६ साली आपल्या संगणकांत इंटेलचे प्रोसेसर बसवायला सुरुवात केली, तेव्हापासून मॅक आणि साधा पीसी यांच्या आतला फरक इतका कमी झाला की जगभरच्या हौशी मंडळींनी मॅकओएस साध्या पीसीवर चालवून दाखवली. आज हे काम ओपनकोअर नावाच्या मोफत बूटलोडरने होते. संगणक सुरू होताना तो मॅकओएसच्या आधी जागा होतो, हे यंत्र अमुक सालचे आयमॅक आहे असे तिला भासवतो आणि कमी पडणारे ड्रायव्हर, म्हणजे सुटे भाग चालवणारे छोटे प्रोग्राम, ज्यांना मॅकच्या भाषेत केक्स्ट म्हणतात, ते स्मृतीत भरून देतो. हे सगळे स्वतः केलेला मुलगा संगणक सुरू होताना आत काय काय घडते ते जितके शिकतो, तितके आमच्याकडच्या कोणत्याही वर्गात शिकवले जात नाही, असे मी खात्रीने म्हणू शकतो. माझा आक्षेप विद्येला नाही, ती न सांगता विकण्याला आहे.

या जुळणीत सुट्या भागांची निवड हेच अर्धे काम असते आणि नेमके तिथेच गिऱ्हाइकाला फसवले जाते. एनव्हिडियाचे आरटीएक्स मालिकेतील एकही ग्राफिक्स कार्ड मॅकओएसवर चालत नाही. कंपनीचे स्वतंत्र ड्रायव्हर २०१७ च्या हाय सिएरा आवृत्तीपाशीच थांबले. एएमडीची आरएक्स ५८०, आरएक्स ५७००, आरएक्स ६६०० ही कार्डे चालतात, पण त्याच घराण्यातले आरएक्स ६७०० एक्सटी चालत नाही, कारण त्यातली चिप अ‍ॅपलने आपल्या कोणत्याही मॅकमध्ये कधी बसवलीच नाही. इंटेलच्या डेस्कटॉप प्रोसेसरचे अंगभूत ग्राफिक्स दहाव्या पिढीपर्यंत चालते, अकराव्या पिढीपासून पुढे नाही. आता स्टुडिओवाल्याला सांगितले जाते की आरटीएक्स कार्ड घातले आहे, संगणक जोरात धावेल. प्रत्यक्षात ते कार्ड विंडोजमध्ये धावते आणि मॅकओएसमध्ये नुसते वीज खात बसते. फायनल कट हे व्हिडिओ संपादनाचे सॉफ्टवेअर उघडून टाइमलाइन सरकवली की चित्र अडखळू लागते आणि दोष मात्र फायनल कटला दिला जातो.

बिघाड शोधण्याच्या कामाची कल्पना यावी म्हणून एकच उदाहरण सविस्तर देतो. ‘भाऊ, सफरचंद दिसते अन् तिथंच अटकते,’ ही तक्रार घेऊन येणारी यंत्रे अनेक. अशा वेळी बूट करताना ‘-व्ही’ हा पर्याय दिला की सफरचंदाऐवजी पडद्यावर ओळींमागून ओळी धावू लागतात आणि थांबतील तिथली ओळ वाचावी लागते. पुष्कळदा ती ‘स्टिल वेटिंग फॉर रूट डिव्हाइस’ अशी असते. याचा अर्थ, ज्या डिस्कवरून किंवा पेन ड्राइव्हवरून प्रणाली सुरू झाली तीच तिला मध्येच दिसेनाशी झाली. पेन ड्राइव्ह खराब नसतो, सॉकेटही सैल नसते. मॅकओएस एका यूएसबी कंट्रोलरवर जास्तीत जास्त १५ पोर्ट मानते आणि निळ्या रंगाच्या यूएसबी ३ सॉकेटची गणना ती दोनदा करते, एकदा जुन्या वेगासाठी व एकदा नव्या. मागच्या बाजूची सॉकेटे, कॅबिनेटच्या पुढची सॉकेटे आणि ब्लूटूथची आतली जोडणी मिळून हा आकडा सहज ओलांडला जातो आणि मर्यादेपलीकडच्या सॉकेटात लावलेली वस्तू प्रणालीच्या लेखी अस्तित्वातच नसते. पूर्वी ही मर्यादा एका तयार पॅचने उठवता येत असे. २०२१ मधील मॅकओएस ११.३ आवृत्तीपासून तो पॅच निकामी झाला. आता एक जुना आणि एक नवा असे दोन पेन ड्राइव्ह घेऊन प्रत्येक सॉकेटात आळीपाळीने लावायचे, कोणते सॉकेट कोणत्या नावाने उमटते ते कागदावर टिपायचे, हवी ती सॉकेटे ठेवून बाकीची नकाशातून वगळायची आणि तो नकाशा त्याच मदरबोर्डासाठी ओपनकोअरमध्ये ठेवायचा, हाच खरा उपाय. काम किचकट असले तरी चोख होते. पण विकणारे ते करत नाहीत. कुठून तरी उतरवलेला, ओपनकोअर आणि त्याची मांडणी असलेला तयार ईएफआय फोल्डर ते प्रत्येक यंत्रात जसाच्या तसा ओततात, आणि त्याबरोबर मॅकचा म्हणून दाखवायचा अनुक्रमांकही तोच जातो. एकच अनुक्रमांक सांगणारी अनेक यंत्रे अ‍ॅपलच्या सर्व्हरशी बोलू लागली की आयमेसेजसारख्या सेवा अडतात. मग अ‍ॅपल आयडी उघडूच नका, असा सल्ला गिऱ्हाइकाला मिळतो. अ‍ॅपल आयडी नाही म्हणजे अ‍ॅप स्टोअर नाही, म्हणून फायनल कटही चोरीचेच भरून दिले जाते.

यावर आपल्याकडच्या विजेची भर पडते. स्टुडिओ बंद करताना मुख्य स्विच पाडून जाण्याची पद्धत आमच्याकडे सार्वत्रिक आहे आणि वळवाच्या पावसात ती शहाणपणाचीच आहे. पण मदरबोर्डावरचा सीआर २०३२ हा नाण्याएवढा सेल संपला असेल, तर सकाळी बायोस, म्हणजे संगणक सुरू करणारा मदरबोर्डावरचा प्रोग्राम, आपली सगळी मांडणी विसरून कारखान्यातल्या मूळ स्थितीत गेलेला असतो. विंडोजचा संगणक अशा वेळी एक कळ दाबून पुढे जातो, घड्याळ तेवढे चुकते. हॅकिंटॉशसाठी बंद केलेले सिक्युअर बूट, सीएसएम, सीएफजी लॉक वगैरे पर्याय मात्र पुन्हा मूळ जागी जातात आणि मॅकओएस सुरू होण्याआधीच कोसळते. दहा-वीस रुपयांच्या सेलचा हा मामला असतो. गिऱ्हाइकाला मात्र ‘सॉफ्टवेअर उडाले, नव्याने भरावे लागेल’ असे सांगून हजार-दोन हजार उकळले जातात. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असताना आरएक्स ५८० सारखे एकटेच १८५ वॅटपर्यंत वीज घेणारे कार्ड पत्र्याच्या खोलीत, कापसाच्या तंतूने गच्च झालेल्या पंख्यांवर आणि ३६० वॅटच्या यूपीएसवर चालवले, तर रेंडर अर्ध्यावर असताना यंत्र बंद पडेल यात मॅकओएसचा काहीही संबंध नाही. जिनिंगच्या हंगामात ब्लोअरने पंखे साफ करणे आणि अर्थिंग तपासून घेणे यानेच निम्म्या तक्रारी मिटतात, हे जाता जाता नोंदवतो.

नव्याने प्रणाली भरणे हेही इथे सोपे नाही. इन्स्टॉलरचा आकार बारा-तेरा जीबी किंवा त्याहूनही अधिक असतो. ब्रॉडबँड नसलेल्या गावात मोबाइलवरून इंटरनेट द्यावे म्हटले तर बहुतेक अँड्रॉइड फोनचे यूएसबी टिदरिंग मॅकओएसला मुळात ओळखताच येत नाही, आणि वाय-फायचे म्हणाल तर ज्या ब्रॉडकॉम कार्डांवर सगळ्यांचा भरवसा होता त्यांचा आधार २०२३ च्या सोनोमा आवृत्तीत काढून टाकला गेला. इंटेलची वाय-फाय कार्डे हौशी प्रोग्रामरांनी लिहिलेल्या ड्रायव्हरवर चालतात, पण आवृत्ती बदलली की त्यांच्याही नव्या प्रतीची वाट पाहावी लागते.

एवढे असूनही चार वर्षांपूर्वी मी या यंत्रांच्या विरोधात पत्र लिहिले नसते. मन लावून जुळवलेला हॅकिंटॉश वर्षानुवर्षे बिनबोभाट काम करतो. तशी यंत्रे मी पाहिली आहेत. आज लिहिण्याचे कारण असे की आता या वाटेला शेवट आहे आणि तो जाहीर झालेला आहे. अ‍ॅपलने २०२० मध्ये इंटेल सोडून स्वतःच्या चिपकडे वळत असल्याचे सांगितले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात एम१ चिपचे मॅक बाजारात आणले. जून २०२५ मध्ये कंपनीने सांगून टाकले की मॅकओएस ताहो ही इंटेलवर चालणारी शेवटची आवृत्ती. पुढची केवळ अ‍ॅपलच्या चिपवर चालेल आणि इंटेल मॅकना त्यानंतर काही काळ फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत राहतील. अ‍ॅपलच्या चिपमध्ये प्रोसेसर, ग्राफिक्स आणि सुरक्षेची व्यवस्था एकत्र असते आणि ती सुटी कुठे विकत मिळत नाही, तेव्हा नागपूरच्या सीताबर्डीत हिंडून तिची जुळणी करता येईल अशी आशा कुणी ठेवू नये. ताहोतच तडे दिसू लागले आहेत. तिच्यावर चालणारी अ‍ॅपलची इंटेल यंत्रे उरली चारच, आणि त्यांना जुन्या ऑडिओ ड्रायव्हरची गरज नसल्यामुळे तो ड्रायव्हरच काढून टाकण्यात आला. परिणामी अपडेट केलेल्या हॅकिंटॉशचा आवाज गेला. लग्नाच्या चित्रफितीवर सनई चढवणाऱ्याला आवाजच ऐकू येत नसेल, तर त्याने काय करावे? यूएसबी साउंड कार्ड लावून वेळ भागते, पण हे त्याला सांगणार कोण?

कायद्याचीही बाजू आहे. मॅकओएसच्या परवान्यात ती अ‍ॅपलच्या नावाच्या संगणकावरच वापरण्याची अट आहे. अमेरिकेत फ्लोरिडातील सायस्टार या कंपनीने २००८ मध्ये असे संगणक उघडपणे विकायला काढले तेव्हा अ‍ॅपलने तिला न्यायालयात खेचले. २००९ मध्ये निकाल अ‍ॅपलच्या बाजूने लागला आणि २०११ मध्ये वरच्या न्यायालयानेही तो कायम ठेवला. घरी शिकण्यासाठी जुळणी करणाऱ्याच्या मागे कुणी लागल्याचे ऐकिवात नाही. परंतु विद्यार्थ्याचा प्रयोग आणि नफा घेऊन केलेली विक्री एकाच मापाने मोजता येत नाही, विशेषतः खरेदीदार कर्ज काढून ती वस्तू घेत असेल तेव्हा.

ज्यांच्याकडे असे यंत्र आधीच आहे त्यांनी घाबरून ते भंगारात काढण्याचे कारण नाही. सेटिंग्जमधील आपोआप अपडेट होण्याची सोय बंद करावी, चालू स्थितीतील ईएफआय फोल्डरची प्रत एका पेन ड्राइव्हवर घेऊन तो कपाटात ठेवावा, बायोसच्या प्रत्येक पानाचे मोबाइलवर छायाचित्र काढून ठेवावे आणि सेल बदलून घ्यावा. कॅमेऱ्यातले मूळ चित्रण विंडोज आणि मॅक दोन्हींना वाचता येणाऱ्या एक्सफॅट फॉरमॅटच्या वेगळ्या डिस्कवर ठेवावे. मॅकची एपीएफएस डिस्क विंडोज आपणहून वाचत नाही, आणि ऐन लग्नसराईत यंत्र बसले तर निदान चित्रण दुसऱ्या संगणकावर उघडता येईल. फायनल कटची लायब्ररी मात्र एपीएफएसवरच असू द्यावी.

जे आता खरेदीला निघाले आहेत त्यांनी बाजारभाव एकदा नीट पाहावा. एम४ चिपचा मॅक मिनी २०२४ च्या अखेरीस भारतात आला तेव्हा १६ जीबी मेमरीसह त्याची मूळ किंमत ५९,९०० रुपये होती. मॉनिटर, कीबोर्ड वेगळे घ्यावे लागतात आणि आतली २५६ जीबी जागा व्हिडिओच्या कामाला तोकडी असल्याने बाहेरून एसएसडी जोडावी लागते, हे खरे. तरीही चांगले एएमडी कार्ड घातलेल्या जुळणीची रक्कम त्याच्या आसपासच जाते, आणि मिनी इन्व्हर्टरवरही निवांत चालतो. मॅकचाच हट्ट नसेल तर तेवढ्याच पैशांत आरटीएक्स कार्डाचा सरळ विंडोज संगणक घेऊन त्यावर दाविंची रिझॉल्व्ह या व्हिडिओ संपादनाच्या सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती शिकून घेता येते. आयफोनची अ‍ॅप बनवायला शिकणाऱ्या मुलांना मॅकशिवाय पर्याय नाही, कारण त्यासाठी लागणारे एक्सकोड हे सॉफ्टवेअर दुसरीकडे चालत नाही. त्यांनीही यापुढे जुळणीवर पैसा घालू नये.

विक्रेत्यांकडे माझी मागणी फार मोठी नाही. बिलावर ‘मॅक’ हा शब्द नसावा. प्रोसेसर, मदरबोर्ड आणि ग्राफिक्स कार्ड यांची नावे मॉडेलसह असावीत, संगणक हॅकिंटॉश असल्याचे आणि मॅकओएसची कोणती आवृत्ती भरली आहे ते मराठीत लिहिलेले असावे, ताहोच्या पुढची आवृत्ती त्यावर चालणार नाही हेही त्याच कागदावर असावे, आणि यंत्राबरोबर त्याच्या ईएफआय फोल्डरची प्रत द्यावी. जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जायची वेळ आली तर आज स्टुडिओवाल्यांच्या हाती ‘कॉम्प्युटर सेट, एक नग’ एवढेच लिहिलेला कागद असतो. आपल्या दैनिकाच्या जिल्हा पुरवणीत अशा यंत्रांच्या जाहिराती येतात. त्या घेताना एवढी माहिती जाहिरातदाराकडून मागून घ्यावी, ही आपणास विनंती.

आपला,
एक संगणक दुरुस्ती व्यावसायिक,
दारव्हा, जि. यवतमाळ