थकलेली बिलं तुटीत धरा

मा. संपादक,

राज्याच्या २०२५-२६च्या अर्थसंकल्पावरील चर्चेची आपली कालची बातमी वाचली. विरोधक म्हणतात तिजोरीत खडखडाट आहे; सत्ताधारी म्हणतात राजकोषीय तूट, म्हणजे साधारण कर्ज काढून भागवायची रक्कम, राज्याच्या स्थूल उत्पन्नाच्या ३ टक्क्यांच्या आत आहे. पण सरकारचे हिशेब रोखीवर चालतात. पैसे प्रत्यक्ष दिले तरच तो खर्च. काम करून घेतलं आणि बिल थकवलं, तर ते त्या वर्षाच्या तुटीत येतच नाही. मग ३ टक्क्यांचं समाधान कसलं?

मी लहान कंत्राटदार आहे. शाळेच्या दोन खोल्या बांधून दिल्या. एमबीवर, म्हणजे कामाची मापं नोंदवायच्या सरकारी वहीवर, शेवटची सही होऊन १४ महिने झाले, ११ लाख ४० हजारांचं बिल अजून तिथंच आहे. ऑफिसात गेलं की बाबू तेच पान उघडून दाखवतात, "तुमचं सगळं क्लिअर आहे, निधी आला की टाकतो." मधल्या पावसाळ्यात एका खोलीच्या कोपऱ्यात ओल आली. दोषदायित्व कालावधी (काम झाल्यावर निघालेले दोष कंत्राटदारानंच दुरुस्त करायची मुदत) चालू, म्हणून मुख्याध्यापकांचा फोन मला. पदरचे पैसे घालून वॉटरप्रूफिंग करून दिलं. त्या भिंतीवर पोरांनी खडूनं पाढे लिहिले होते. खोल्या वापरात आहेत, फक्त पैसे नाहीत. बिलावरचा १८ टक्के जीएसटी मी केव्हाच भरला. तो चुकला असता तर व्याज लागलं असतं. माझ्या अडकलेल्या रकमेवर व्याज कोण देणार? दर शनिवारी मिस्त्री पगाराला दारात उभा असतो, त्याला निधीची गोष्ट सांगून चालत नाही.

माझ्या कामावरच्या तीन बायकांना लाडक्या बहिणीचे १,५०० रुपये मिळतात. ते बंद करा असं मी कधीच म्हणणार नाही. त्या योजनेसाठी ३६,००० कोटी ठेवले हे जसं उघड सांगितलं जातं, तशीच थकलेल्या बिलांची खातेनिहाय रक्कमही अर्थसंकल्पासोबत सभागृहात ठेवा. आणि ती देणी भागेपर्यंत नव्या कामांचे कार्यारंभ आदेश काढू नका.

एक तक्रार आपल्याबद्दलही. मथळ्यात तूट ४५,८९१ कोटी आणि खाली मजकुरात १,३६,२३४ कोटी. यातली खरी कोणती, असं माझ्या मुलानं विचारलं. पहिली महसुली तूट, म्हणजे पगार, पेन्शन, व्याज असा रोजचा खर्च महसुली जमेपेक्षा जितका जास्त तेवढी. दुसरी राजकोषीय, म्हणजे साधारणपणे जितकं कर्ज काढावं लागणार तेवढी. बातमीत याचा एका ओळीनंही उल्लेख नाही. कृपया खुलासा छापावा.

– एक लहान कंत्राटदार