आमच्या कपाटातली हाडं कुणाला दाखवायची?

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सादर नमस्कार.

मी ठाण्यात, नौपाड्यात राहतो. मूळ गाव लातूर जिल्ह्यात, मांजरेच्या काठी. तीन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात नदी आटली होती, तेव्हा दरडीतल्या गोट्यांच्या थरात मला एक दाढ सापडली. बोटभर उंच, काळपट, हातात घेतली की दगडासारखी जड. चावायच्या बाजूला इनॅमलच्या (दाताच्या कठीण आवरणाच्या) चंद्रकोरी आहेत, म्हणजे रवंथ करणारं जनावर. हत्तीची असती तर पाट्यावरच्या टाक्यांसारख्या आडव्या रेघा दिसल्या असत्या. इथवर मी वाचून पोहोचलो. पण ती पन्नास वर्षांपूर्वीच्या बैलाची की हजारो वर्षांपूर्वीच्या रानगव्याची, हे मला ठरवता येत नाही. नुसत्या रंगावर जाऊन चालत नाही. नदीतलं लोह आणि मँगनीज ताज्या हाडालाही काळं करतं.

याच खोऱ्यात हारवाडीला हत्तीचे जीवाश्म मिळाले आणि डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी ते अभ्यासले. म्हणून माझी उत्सुकता जात नाही. ठाण्यात दोन कार्यालयांत दाढ घेऊन गेलो. दोन्हीकडे एकच उत्तर मिळालं, ‘हा आमचा विषय नाही.’

ठाण्यात माझ्यासारखे बरेच आहेत. मुलं पारसिकच्या डोंगरातून ‘दात’ आणतात. ते बहुतेक बेसॉल्टच्या, म्हणजे थिजलेल्या लाव्ह्याच्या खडकाच्या, पोकळ्यांत वाढलेले झिओलाइट या खनिजाचे स्फटिक असतात. लाव्ह्याच्या खडकात हाडं टिकत नाहीत, हे त्यांना कुणीतरी प्रेमाने सांगायला हवं. पण हौशी माणसाला कमी लेखू नये. 1828 मध्ये जबलपूरला डायनासोरची हाडं शोधणारे स्लीमनही शास्त्रज्ञ नव्हते, लष्करी अधिकारीच होते. त्या प्राण्याला टायटनोसॉरस हे नाव मिळायला 1877 उजाडलं.

साहेब, मागणी एवढीच आहे. महिन्यातून एक दिवस ठाण्यात जाणकार बसवा, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचा किंवा डेक्कन कॉलेजचा. लोकांनी वस्तू दाखवावी, त्यांनी ओळख सांगावी आणि जागेची नोंद करून घ्यावी. ही नोंद मला सर्वांत महत्त्वाची वाटते. कुठल्या थरातून निघालं हे विसरलं की हाडाचं अर्धं मोल गेलं. माझ्या शेजारच्या आजोबांकडे हाडांची पेटी होती. ते गेले आणि कुठलं हाड कुठल्या गावचं, हे आता घरात कुणालाच माहीत नाही.

माझ्या दाढेला मी चिठ्ठी बांधून ठेवली आहे: गाव, काठ, थराची खोली, तारीख. जाणकार बसतील त्या दिवशी पहिला मी येईन.

आपला नम्र,
एक हौशी संग्राहक, ठाणे